हिऱ्याच्या वायरने पोलाद कापताना : आधी बले मोजा, मग मण्यांचा व्यास

हिऱ्याच्या वायरने, म्हणजे हिरे बसवलेले मणी ओवलेल्या पोलादी दोराने, पोलाद कापण्याचे प्रयोग करू पाहणारे विद्यार्थी बहुधा दगड आणि काँक्रीटच्या कापणीबद्दल वाचून आलेले असतात आणि तिथलेच आडाखे पोलादाला लावतात. दगडाची भुकटी मण्यातले हिरे धरून ठेवणारा धातू, म्हणजे बॉन्ड, झिजवते आणि आतले ताजे हिरे उघडे पाडते. पोलादाची भुकटी होत नाही. त्याचे चिवट कीस निघतात आणि हिऱ्यांमधल्या फटींत रुतून बसतात. म्हणूनच पोलादासाठी ब्रेझिंगने (वितळवलेल्या धातूने जोडून) किंवा विद्युतलेपनाने बसवलेल्या हिऱ्यांचा एकच थर असलेले मणी अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांतले हिरे बॉन्डच्या पुष्कळ वर राहतात.

अशा मण्याचा व्यास मापून झीज ठरवणे मला अपुरे वाटते. हिऱ्यांची टोके सपाट झाली, तरी व्यासात फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो बलांमध्ये. मोटरच्या शक्तीतून वायर मोकळी फिरतानाची शक्ती वजा करून आलेल्या आकड्याला वायरच्या वेगाने भागले, की स्पर्शरेषीय बल, म्हणजे वायरच्या धावण्याच्या दिशेतले बल, मिळते : 4 किलोवॅट आणि सेकंदाला 20 मीटर असतील, तर 200 न्यूटन. लंब बल, म्हणजे वायर पोलादावर ज्याने दाबली जाते ते बल, वायरचा ताण आणि कापातली तिची वक्रता यांवर अवलंबून असल्यामुळे दर काही मिनिटांनी वायरच्या कमानीचे छायाचित्र घेण्याची सवय लावून घ्यावी. कापण्याचा दर तोच ठेवूनही लंब बल स्पर्शरेषीय बलापेक्षा वेगाने वाढू लागले, तर हिरे बोथट होत आहेत असे समजावे.

उष्णतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. हिरा म्हणजे कार्बन. तापलेल्या लोखंडाच्या सान्निध्यात त्याचे ग्रॅफाइट होऊ लागते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. त्यामुळे वेग वाढवण्याआधी पाणी थेट कापाच्या तोंडापर्यंत पोहोचते आहे ना, हे पाहावे.

उत्तर समुद्रातल्या जुन्या तेल-फलाटांचे पोलादी पाय पाण्याखाली याच वायरने कापतात. तिथे थंडाव्याची चिंता कमी असते. मात्र वरच्या भाराने काप मिटून वायर चिमटली जाऊ शकते, आणि मग बलांच्या नोंदीत अचानक चढ दिसतो. हा चढ झिजेच्या संथ चढापासून वेगळा ओळखता यावा, यासाठी प्रयोगशाळेतही कापाची रुंदी बलांच्या शेजारीच नोंदवत जावी.