उष्ण कटिबंध रुंदावतोय? प्रकल्पात या चुका टाळा

ठाण्यातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हा विषय घेणाऱ्या मुलांचं मला फार कौतुक वाटतं. विषय अवघड आहे आणि नेमक्या ठरावीक जागीच घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे तक्त्यावर कर्कवृत्तच उत्तरेला सरकवणं. कर्कवृत्त ठरतं पृथ्वीच्या आसाच्या कलावरून. ठाणे १९ अंशांवर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून मेच्या मध्याला भरदुपारी गच्चीवर उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. समुद्र कितीही तापला तरी हे बदलणार नाही. उलट आसाचा कल हळूहळू कमी होत असल्याने कर्कवृत्त दरवर्षी सुमारे १५ मीटर दक्षिणेला येतंय! रुंदावतो तो हवामानाचा पट्टा. विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा साधारण ३० अंशांच्या आसपास कोरडी होऊन खाली उतरते. तिथे त्या पट्ट्याची कड. तक्त्यावर या दोन रेषा वेगळ्या रंगांत काढा.

'समुद्र तापला की पट्टा रुंदावतो' हे वाक्यही सरसकट लिहू नका. एल निनोत पॅसिफिकचा विषुववृत्तीय भाग तापतो, तरी पट्टा आक्रसतो. उष्ण कटिबंधातली हवा तापली की मध्य अक्षांशांशी असलेला तापमानातला फरक वाढतो, जेट प्रवाह (खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा) जोर धरतो आणि विषुववृत्ताकडे सरकतो, त्याबरोबर पट्ट्याची कडही. ला निनात याच्या उलट.

आलेख १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींवर काढलाय आणि रेघ फारच चढी दिसतेय? मग सुरुवातीचं वर्ष तपासा. पॅसिफिकच्या पाण्याचं तापण्या-निवण्याचं, दशकं चालणारं एक चक्र आहे, पीडीओ (पॅसिफिक डिकेडल ऑसिलेशन). १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९८ पर्यंत ते बहुतांशी उष्ण अवस्थेत होतं, म्हणजे पट्टा आक्रसवणारं. पुढे बराच काळ थंड अवस्था. त्यामुळे रुंदावण्याचा काही वाटा या चक्राचा आहे. सगळा नव्हे, हरितगृह वायू आणि दक्षिण गोलार्धात ओझोनची घट यांचाही हात आहे. एल निनो आणि ला निनाची वर्षं वेगळ्या रंगांत दाखवलीत, तर आलेखातले बरेच चढउतार परीक्षकांना न सांगता कळतील.

आणि कृपा करून यंदाच्या ठाण्यातल्या पावसावरून काही सिद्ध करू नका. एल निनोत आपला मान्सून बहुधा कमजोर पडतो, पण नेहमीच नाही: १९९७ चा एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २०१५ च्या एल निनोत मात्र १४ टक्के तूट पडली.