नदीकाठच्या छोट्या पर्यावरणस्नेही हॉटेलात राहण्यापूर्वी आणि राहताना

उष्ण कटिबंधातील नदीकाठचे छोटे पर्यावरणस्नेही हॉटेल निवडताना छायाचित्रांपेक्षा तीन प्रश्न अधिक उपयोगी पडतात : वीज कुठून येते, पिण्याचे पाणी कसे शुद्ध केले जाते आणि सांडपाणी शेवटी कुठे जाते. खोली नक्की करण्यापूर्वीच हे विचारून घ्यावे. जिथे या गोष्टींकडे खरोखर लक्ष दिले जाते, तिथला माणूस शोषखड्डा कुठे आहे आणि तो नदीपासून किती अंतरावर आहे, हे न अडखळता सांगतो. ‘आम्ही निसर्गाच्या सान्निध्यात आहोत’ एवढेच उत्तर आले, तर दुसरे ठिकाण पाहावे. बांबूच्या भिंती आणि टॉवेल रोज न बदलण्याची पाटी यांवरून काहीच सिद्ध होत नाही. पावसाळ्यात जाणार असाल, तर पूर आल्यावर पाणी कुठवर चढते आणि आपली खोली त्याच्या वर आहे का, हेही विचारावे.

अशा ठिकाणी वीज बहुधा सौर पॅनेलवर तयार होते आणि रात्री लागणारी सगळी वीज दिवसा बॅटरीत साठवलेली असते. छताच्या साध्या पंख्याला साधारण ७० वॅट लागतात, तर हेअर ड्रायरला सुमारे १,५००; म्हणजे एक ड्रायर लावणे हे वीस पंखे एकदम सुरू करण्यासारखे आहे. मी स्वतः एकदा रात्री जेवणानंतर चहासाठी बरोबर नेलेली विजेची किटली लावली आणि क्षणात सगळ्या खोल्यांचे पंखे थांबले. अंधारात बाहेर येऊन प्रत्येकजण काय झाले म्हणून विचारत होता, आणि किटली माझ्या हातात होती. पाणी उकळणे, इस्त्री असली कामे खोलीत करूच नयेत. फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भर दुपारी, ऊन चांगले असताना चार्ज कराव्यात.

या प्रदेशात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही आणि सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासात अंधार होतो. म्हणून विजेरी खिशात ठेवावी आणि मच्छरदाणी दिवस मावळण्यापूर्वीच सोडून घ्यावी. नुसती सोडून भागत नाही. चारही बाजूंचे पदर गादीखाली हातभर आत खोचावेत, उजेडाकडे धरून भोके तपासावीत, आणि झोपेत हात किंवा पाय जाळीला टेकणार नाही इतकी ती ताणून बांधावी, कारण डास जाळीतूनही चावतो. हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तर डेंग्यूचा एडिस दिवसा; त्यामुळे डासरोधक मलम दिवसाही लावावे लागते. आधी उन्हापासून संरक्षण देणारे मलम, ते मुरल्यावर डासरोधक, हा क्रम पाळावा. हिवतापाच्या काही प्रतिबंधक गोळ्या प्रवासाच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात, तेव्हा डॉक्टरांकडे निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. भिंतीवरच्या पालीला हुसकावू नये. ती किडे खाते आणि तिचे भाडे आपल्याला द्यावे लागत नाही.

न्हाणीघरातले सांडपाणी बहुधा जिवाणूंच्या मदतीने शुद्ध केले जाते. ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशक ओतले, तर ते जिवाणू मरतात. म्हणून साधा साबण पुरतो. शौचालयात काय टाकायचे नाही, याची सूचना असेल, तर ती अक्षरशः पाळावी. ‘जैवविघटनशील’ असे लिहिलेला साबणही नदीत वापरण्यासाठी नसतो. त्याचे विघटन मुख्यतः मातीतल्या सूक्ष्मजीवांमुळे होते. सुती टॉवेल दमट हवेत दिवसभरात वाळत नाही, त्यामुळे पातळ आणि लवकर सुकणारे कपडे न्यावेत.

नदीबाबत मात्र घाई करू नये. पहिल्या दिवशी पाण्यात न उतरता काठावर बसून पाहावे : मुले कुठे उतरतात, नावा कुठे लागतात, कोणत्या वळणाला कोणी जातच नाही. मगर असू शकेल अशा नदीच्या काठाशी संध्याकाळी आणि पहाटे मुळीच जाऊ नये. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असले, तरी वरच्या खोऱ्यात पाऊस पडून लोंढा येऊ शकतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, किंवा पाण्याचा आवाज बदलला, की चप्पल शोधत न बसता ताबडतोब उंच जागी यावे. वेगाने वाहणारे घोट्याच्या वरपर्यंतचे पाणीही मोठ्या माणसाचे पाय उखडते. पावसानंतर अंगावर जखम असताना पोहू नये, कारण जनावरांच्या मूत्रातून पाण्यात आलेल्या जंतूंमुळे लेप्टोस्पायरोसिस होतो. संथ पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरणारा शिस्टोसोमायसिस हा परजीवी कृमींचा आजार त्या भागात आहे का, हे आधीच माहीत करून घ्यावे, आणि असेल तर नदीत उतरणे टाळावे. जिथे पोहणे सुरक्षित आहे, तिथेही अंगावरची मलमे आधी खोलीत धुऊन मगच पाण्यात जावे.

निघण्याच्या दिवशी संपलेले सेल, औषधांची पाकिटे आणि मलमाच्या बाटल्या आपल्याच पिशवीत भरून न्याव्यात, आणि बूट पायात घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत.