चेहऱ्यावर फिरवायची विजेची उपकरणे : या चुका टाळा

मायक्रोकरंट, ईएमएस (विजेने स्नायू आकुंचित करणारे यंत्र), रेडिओफ्रिक्वेन्सी आणि लाल प्रकाशाचे एलईडी मुखवटे ही उपकरणे ऑनलाइन दुकानांत शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर सुरकुत्या कमी करण्याचे, त्वचा घट्ट करण्याचे तेच आश्वासन छापलेले असते. नाव वेगळे असले तरी काम एकच असणार, असे गृहीत धरून केलेली खरेदी ही या विषयातील सर्वांत महाग चूक आहे. या चौघांचा परिणाम चेहऱ्याच्या वेगवेगळ्या थरांवर होतो आणि त्यांच्यामागचा पुरावाही सारख्या वजनाचा नाही.

मायक्रोकरंटमध्ये एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाह त्वचेतून जातो. तो इतका क्षीण असतो की स्नायू ओढला गेल्याचे सहसा जाणवतही नाही. ईएमएसमध्ये मात्र स्नायू स्पष्टपणे आकुंचन पावतो. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्या रुग्णांना फिजिओथेरपिस्ट विजेचे जे शेक देतात, त्याच जातीचे हे तंत्र आहे. रेडिओफ्रिक्वेन्सीचे उपकरण त्वचेच्या आत उष्णता निर्माण करते. एलईडी मुखवटा वीजेवर चालत असला तरी त्यातून त्वचेत वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. आता ज्याला आपण म्हातारपण म्हणतो ते चेहऱ्यावर कुठे घडते ते पाहावे. अंतस्त्वचेतील, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातील, कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) वयाबरोबर घटते, आणि स्त्रियांमध्ये पाळी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ही घट सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाते. त्याखालची चरबी सरकते व कमी होते, आणि जबड्याचे व डोळ्यांच्या खोबणीचे हाडही झिजते. हाड आणि चरबी यांची झीज भरून काढणारे घरगुती उपकरण अस्तित्वात नाही, त्यामुळे ओघळलेल्या जबड्याच्या रेषेसाठी हजारो रुपये मोजण्यापूर्वी ही गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्यावी.

स्नायू बळकट झाला की सुरकुती जाते, असे मानणे

ही समजूत इतकी स्वाभाविक वाटते की तिची तपासणी फारशी कोणी करत नाही. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचा एकेक स्नायू आकुंचित करून त्यातून उमटणाऱ्या भावमुद्रांची छायाचित्रे दिली होती. वीज लावली की चेहऱ्याचा स्नायू हलतो, याविषयी तेव्हापासून वाद नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०८ स्त्रियांपैकी एका गटाने १२ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज २० मिनिटे ईएमएस वापरले, आणि अल्ट्रासाउंडने मोजल्यावर त्यांच्या गालाचा, ओठाचा कोपरा वर उचलणारा स्नायू सुमारे १८ टक्क्यांनी जाड झालेला दिसला. गाल किंचित भरल्यासारखा वाटणे यातून शक्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. परंतु स्नायूची जाडी वाढणे आणि त्वचा तरुण होणे या दोन निराळ्या घटना आहेत.

कपाळाच्या बाबतीत तर हा तर्क उलटाच पडतो. हातापायांचे स्नायू हाडांना जोडलेले असतात, पण चेहऱ्यावरील बहुतेक स्नायू थेट त्वचेला चिकटलेले असतात आणि ते वारंवार आकुंचन पावल्यानेच भुवयांमधील आठ्या खोल होत जातात. बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन, ज्याला अमेरिकेत २००२ मध्ये याच आठ्यांसाठी मान्यता मिळाली, ते त्या स्नायूला काही महिने शिथिल करते व त्यामुळे आठ्या मावळतात. ज्या स्नायूला शिथिल केल्याने आठी जाते त्यालाच व्यायाम देऊन ती जाईल, असे म्हणण्याला आधार सापडत नाही. म्हणून आकुंचन घडवणारे उपकरण कपाळावर आणि भुवयांमध्ये फिरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंदराच्या त्वचेवरचा आकडा आपल्या चेहऱ्याला लावणे

मायक्रोकरंटच्या जाहिरातींत पेशींची ऊर्जा ५०० टक्क्यांनी वाढते, असे वाक्य हमखास असते. त्याचे मूळ १९८२ च्या बेल्जियममधील एका प्रयोगात आहे. त्यात उंदराच्या, शरीरापासून वेगळ्या केलेल्या त्वचेच्या तुकड्यांतून प्रवाह सोडला होता, आणि पेशींचे इंधन असलेले एटीपी तीन ते पाच पट झाल्याचे आढळले होते. प्रयोग खरा आहे. पण त्यात माणूस नव्हता, चेहरा नव्हता आणि सुरकुतीही नव्हती. शिवाय त्याच प्रयोगात प्रवाह १००० मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे एक मिलिअँपिअरच्या, पुढे नेल्यावर लाभ ओसरू लागला होता, ही बाब जाहिरातीत येत नाही. सर्वांत वरच्या पातळीवर यंत्र ठेवून दुप्पट वेळ फिरवणाऱ्यांनी तेवढे तरी लक्षात घ्यावे.

‘एफडीए क्लिअर्ड’ या, अमेरिकेच्या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेच्या, शिक्क्याचाही अर्थ समजून घ्यायला हवा. अमेरिकेच्या या पद्धतीत नवे उपकरण बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणाशी मूलतः समतुल्य आहे, हे दाखवणे पुरते. सुरकुत्या खात्रीने कमी होतात हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे.

लाल प्रकाशाची बाजू तुलनेने भक्कम आहे. जर्मनीत १३६ जणांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा अशा ३० बैठकांनंतर त्वचेचा खडबडीतपणा कमी झाला व कोलॅजेनची घनता वाढलेली आढळली. मात्र तेथील दिवे मोठ्या आकाराचे होते. घरच्या मुखवट्याची प्रकाशशक्ती तेवढीच असेल असे धरून चालू नये. रेडिओफ्रिक्वेन्सीबाबत असाच फरक पडतो. दवाखान्यात अंतस्त्वचा बरीच अधिक तापवली जाते, तर घरगुती यंत्र सुरक्षिततेसाठी त्वचेचा पृष्ठभाग साधारण ४० ते ४२ अंशांच्या आसपास रोखून धरते. त्यामुळे परिणाम झालाच तर तो सौम्य असतो आणि दिसायला महिने लागतात.

आरशात लगेच पाहून निकाल देणे

यंत्र फिरवल्यावर दहा मिनिटांत चेहरा उजळ व ताणलेला दिसतो, हे बहुतेकांना खरोखरच दिसते. मालिशीने सकाळची सूज उतरते, रक्तप्रवाह वाढतो, उष्णतेने त्वचा किंचित फुगते व बारीक रेषा बुजतात. हे सगळे काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरते. कोलॅजेन तयार होण्याचा वेग इतका नाही. खरा बदल तपासायचा असेल तर सुरुवातीच्या दिवशी, सकाळी, यंत्र वापरण्यापूर्वी, एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून, चेहरा निर्विकार ठेवून छायाचित्र घ्यावे आणि १२ आठवड्यांनी, आदल्या दोन दिवसांत यंत्र न वापरता, तसेच दुसरे घ्यावे. त्या काळात नवे क्रीम सुरू करू नये, नाहीतर श्रेय कोणाचे ते कळणार नाही.

जेलऐवजी तेल

टोचल्यासारखे होते, चटका बसतो, यंत्र मध्येच बंद पडते, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ जेलमध्ये असते. खोबरेल किंवा बदामाचे तेल वीज वाहून नेत नाही. ते लावल्यावर प्रवाह जिथे वाट मिळेल तिथे एका बारीक जागी एकवटतो. पाण्यावर आधारित जेल जाड थरात, एका वेळी अर्ध्याच चेहऱ्यावर लावावे आणि वाळू लागताच पुन्हा लावावे. कोरफडीचा गर लवकर सुकतो, म्हणून तो पुरेसा ठरत नाही. दातांत धातूचे सिमेंट असल्यास तोंडाला धातूची चव येणे किंवा डोळ्याजवळ फिरवताना प्रकाश चमकल्याचा भास होणे हे प्रवाह तिथवर पोहोचत असल्याचे लक्षण आहे. अशा वेळी पातळी कमी करून यंत्र डोळ्याच्या खोबणीच्या हाडाबाहेर ठेवावे.

वांग असताना उष्णता आणि निळा प्रकाश

आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण सुरकुती घालवायला गेलेली व्यक्ती वर्षानुवर्षे न जाणारा डाग घेऊन येऊ शकते. उष्णतेने वांग गडद होतो, त्यामुळे वांग असलेल्या गालांवर रेडिओफ्रिक्वेन्सी वापरण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारलेच पाहिजे. सात रंगांच्या मुखवट्यांत निळा रंगही असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४१५ नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या प्रकाशाने त्वचेवर टिकून राहणारा काळेपणा आणला, तर ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने तो आणला नाही. मुखवटा असेल तर निळा रंग बंदच ठेवावा. ब्लीच, वॅक्सिंग किंवा पील केल्यानंतर त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत कोणतेही यंत्र फिरवू नये.

सनस्क्रीनशिवाय यंत्र

ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर साडेचार वर्षे झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. इतक्या दीर्घ मुदतीचा पुरावा कोणत्याही घरगुती यंत्रापाशी नाही. रात्री यंत्र फिरवून दुपारी उघड्या चेहऱ्याने स्कूटरवर जाणाऱ्यांनी आधी सनस्क्रीनचा खर्च करावा आणि पैसे उरल्यास यंत्राचा विचार करावा.

कोणी वापरूच नये

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले अन्य विद्युत उपकरण असलेल्यांनी, अपस्माराच्या रुग्णांनी, गर्भवतींनी आणि कर्करोगावर उपचार सुरू असलेल्यांनी विजेच्या प्रवाहाची यंत्रे टाळावीत. गळ्याच्या पुढच्या भागावर, थायरॉइडवर आणि मानेच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीवर ती कोणीही फिरवू नयेत. सुयांसह रेडिओफ्रिक्वेन्सी देणारी यंत्रे घरी वापरण्यासाठी नाहीतच. त्यांच्यामुळे भाजणे, व्रण पडणे आणि चरबी नष्ट होणे अशा इजा झालेल्या आहेत. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राच्या चार्जरवर केवळ १२० व्होल्ट लिहिले असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावू नये, आणि चार्जिंग सुरू असताना कोणतेही यंत्र चेहऱ्याला टेकवू नये.

चटका बसलाच तर यंत्र ताबडतोब थांबवून त्या जागी २० मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे. बर्फ, टूथपेस्ट आणि लिंबू लावू नये. फोड आला, किंवा काही आठवड्यांत ती जागा काळवंडू लागली, तर घरच्या घरी ब्लीच न करता ती जागा उन्हापासून झाकून ठेवावी आणि यंत्र सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, म्हणजे कोणत्या प्रकारची ऊर्जा आणि कोणती पातळी वापरली होती ते त्यांना नेमके कळेल.