पोस्ट मोठ्या स्क्रीनवर नाही, फोनवर वाचली जाते

धंद्याची पोस्ट बनते लॅपटॉपवर आणि बघितली जाते फोनवर, तीही अंगठा सरकत असताना. बहुतेक पोस्ट फसतात त्या इथेच. म्हणून डिझाइनला हात घालण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: हे बघून समोरच्याने काय करायचं? फोन करायचा, दुकानात यायचं, की नवीन माल आल्याचं नुसतं कळायला हवं? दोन उत्तरं निघाली तर दोन पोस्ट करा.

इन्स्टाग्रामच्या फीडसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल घ्या. चौरस पोस्टपेक्षा ती स्क्रीनवर जास्त उंची व्यापते. प्रोफाइलवर मात्र तिच्या डाव्या-उजव्या कडा थोड्या कापल्या जातात, त्यामुळे मजकूर कडेपासून निदान ८० पिक्सेल आत ठेवा. स्टोरीसाठी १०८० बाय १९२०. त्यात वरचे २५० आणि खालचे ३४० पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर नाव आणि बटणं नेमकी तुमच्या ऑफरवरच बसतात.

फोटोला महाग कॅमेरा लागत नाही. आधी लेन्स पुसा. धुरकट फोटोंचं कारण बऱ्याचदा बोटांचे ठसे असतात. वस्तू खिडकीजवळ अशी ठेवा की उजेड बाजूने येईल, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावली मऊ होते. खोलीतले दिवे बंद करा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की वस्तूचा खरा रंग हरवतो, आणि मग ‘फोटोत वेगळा दिसत होता’ हे ऐकावं लागतं.

सगळ्यात जास्त गोंधळ अक्षरांचा. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात मथळा ९० ते १२० पिक्सेलचा ठेवा आणि काहीही ४० च्या खाली नेऊ नका. साडेसहा सेंटिमीटर रुंद स्क्रीनवर ४० पिक्सेल म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर. देवनागरीत वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीची लाइन स्पेसिंग, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, तशीच वापरली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षराच्या दीडपट अंतर सुरक्षित. लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, शून्यच असू द्या. ती वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. मुक्त किंवा बलूसारखा युनिकोड फॉन्ट घ्या, मथळ्याला जाड वळण, आणि एका पोस्टमध्ये दोनहून जास्त फॉन्ट नकोत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा.

फोटोवर थेट अक्षरं टाकायची असतील तर मागे काळपट पट्टी द्या. पिवळ्यावर पांढरं, लालवर निळं हे डोळ्यांना छळतं. चित्र राखाडी करून बघा: अक्षरं पार्श्वभूमीत विरघळली तर रंगांची जोडी चुकली. त्यानंतर तेच चित्र अंगठ्याएवढं लहान करा. मुख्य शब्द तरीही वाचता यायला हवेत.

फाइलची कलर प्रोफाइल (रंग मांडायची पद्धत) एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीची, ठेवा. छपाईसाठी केलेली सीएमवायके फाइल तशीच चढवली तर रंग भलतेच दिसू शकतात. मजकूर जास्त असेल तर पीएनजी, नुसता फोटो असेल तर जेपीजी. तयार चित्र फोनवर घेताना व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की फाइल लहान करण्यासाठी ते दाबलं जातं, इन्स्टाग्राम ते पुन्हा दाबतं, आणि अक्षरांच्या कडेला कचरा दिसू लागतो.

कॅप्शनची पहिली ओळच कामाची, बाकी ‘आणखी’च्या मागे लपतं. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, तेव्हा ती प्रोफाइलमध्ये द्या. टाकण्याआधी चित्रातला फोन नंबर त्या चित्राकडे बघूनच डायल करा. कॅप्शन नंतर सुधारता येते. चित्रातला चुकलेला आकडा बदलायचा तर पोस्ट काढून नव्याने टाकावी लागते, आणि आधीचे लाइक, कमेंट तिच्यासोबतच जातात.