जुन्या मोटारीचा पत्रा दुरुस्त करताना

रंग खरवडण्याआधी एक लहान चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या कमानी आणि दारांखालची सिल यांवरून सावकाश फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे जाड लांबी (खळगे भरायची पुटी), फायबर किंवा शिसे भरलेले असते. अर्थात ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ही परीक्षा लागू पडत नाही. रंगाखाली मसुराएवढा फोड दिसला, तर तेथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे, कारण गंज बहुधा आतून बाहेर येतो आणि फोड दिसेपर्यंत मागचा पत्रा कागदासारखा झालेला असतो.

सपाट, मोठ्या पत्र्यांवर वाळूचा मारा करणे टाळावे, कारण कणांच्या आघाताने पातळ पत्रा ताणला जाऊन त्यावर कायमच्या लहरी उमटतात. तो उपाय चासीसारख्या जाड भागांसाठी ठेवावा व बॉनेट-दारांचा रंग रसायनाने किंवा घासून काढावा. जुन्या सांध्यांत शिसे भरलेले असल्यास तेथे ग्राइंडर चालवू नये; त्याची धूळ विषारी असते, म्हणून ते हाताच्या कानशीने उतरवावे आणि तोंडाला योग्य मास्क बांधावा. उघडा पडलेला पत्रा दमट हवेत लवकर गंजतो, त्यामुळे तो स्वच्छ करून लगेच इपॉक्सी प्रायमर मारावा.

सडलेला भाग कापण्याची घाई सर्वांत महागात पडते. ज्या मोटारीत स्वतंत्र चासी नसते, तिची सिल हाच तिचा कणा असतो. ती एकदम कापली, तर सांगाडा मध्यभागी खचतो आणि नवी सिल जोडल्यावर दारे बंद होत नाहीत. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करून आधार द्यावा, दोन्ही कर्णांची मापे लिहून ठेवावीत, एका वेळी एकच बाजू उघडावी आणि प्रत्येक टप्प्यावर दार लावून फटी तपासाव्यात. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडवणे, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढणे व आतील गाद्या-अस्तर हटवणे अनिवार्य आहे.

ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचे, साधारणतः 0.8 ते 1 मिलिमीटरचे, आणि गोलसर कोपऱ्यांचे असावे. वेल्डिंगची सलग शिवण ओढू नये. दूरदूरच्या बिंदूंवर टाके घेत, प्रत्येक टाका थंड होऊ देत मधल्या जागा भरत जाव्यात, म्हणजे पत्रा उष्णतेने वाकडा होत नाही. जस्ताचा मुलामा असेल, तर सांध्यालगतचा थर घासून काढावा, कारण त्याचा धूर बाधतो.

पोचा ठोकताना घाव खड्ड्याच्या मधोमध न घालता, आघाताच्या वेळी जी कड सर्वांत शेवटी उठली तेथून आत यावे. डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) खालून खड्ड्याला टेकवून हातोडी शेजारच्या उंचवट्यावर मारल्यास पत्रा फार न ताणता परततो. थेट डॉलीवर मारलेला घाव पत्रा पातळ करून पसरवतो, म्हणून तो मोजकाच वापरावा. तपासणीसाठी डोळ्यांपेक्षा तळहात विश्वासू. पातळ हातमोजा घातला, तर उंचसखलपणा अधिक स्पष्ट जाणवतो.

उरलेल्या खळग्यांत लांबी तीन मिलिमीटरच्या आतच बसवावी आणि आम्लयुक्त प्रायमरवर ती थेट लावू नये, अन्यथा पुढे सुटते. त्यावर गडद रंगाचा हलका फवारा मारून लांब ठोकळ्याने 80, 180 व 320 नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासावे. जेथे गडद ठिपके राहतात तेथे खळगा, जेथे पत्रा लवकर उघडा पडतो तेथे उंचवटा.

आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असलेला दोन घटकांचा रंग बाहेरून हवा पुरवणारा मास्क असल्याशिवाय फवारू नये. रंग पूर्ण वाळल्यावर सिल आणि दारांच्या पोकळीत पातळ मेण फवारावे, आणि त्यापूर्वी तळाची पाणी निघून जाणारी भोके तारेने मोकळी करून घ्यावीत, कारण ती बुजली की पाणी नव्या पत्र्यातही साचू लागते.