अल्टरनेटिव्ह रॉक बँड उभा करताना

चौघं पुरतात: ड्रम, बेस आणि दोन गिटार, त्यातला एक गाणारा. सर्वांत आधी ड्रमर पक्का करा. गिटारिस्ट थोडा कच्चा असला तरी हळूहळू तयार होतो, पण लय पळवणाऱ्या ड्रमरबरोबर एकही गाणं धड बसत नाही.

प्रॅक्टिस आठवड्यातून दोनदा, अडीच-अडीच तास. पहिली २० मिनिटं फक्त बेस आणि ड्रम, मेट्रोनोमवर (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र). किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेसचा सूर एकाच क्षणी पडला पाहिजे, नाहीतर गिटार कितीही छान वाजल्या तरी गाणं सैल वाटतं.

ड्रमला व्हॉल्यूमचं बटण नसतं, म्हणून आवाजाचं माप तिथूनच घ्या. ड्रमर नेहमीच्या जोरात वाजवत असताना गाणाऱ्याचा माइक शिट्टी न मारता जेवढा वाढेल तेवढा वाढवा आणि गिटार त्याच्या खाली ठेवा. माइकची पाठ स्पीकरकडे हवी. अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा. तो जमिनीवर असला की आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर जातो. त्याला स्वतःचं ऐकू येत नाही, तो व्हॉल्यूम वाढवतो, मग दुसराही वाढवतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा. प्रॅक्टिसमधली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

दोन्ही गिटारवर एकाच जागी पॉवर कॉर्ड (दोन सुरांचे भरीव कॉर्ड) धरले तर नुसता चिखल होतो. एकाने पाचव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या) खाली वाजवावं, दुसऱ्याने सातव्याच्या वर. गेन (आवाज खरखरीत करणारा नॉब) एकट्याने वाजवताना आवडतो त्याच्या निम्मा ठेवा. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर, गिटारची ८२ वर. तेव्हा गिटारच्या अ‍ॅम्पवरचा बेसचा नॉब उतरवा, खालची जागा बेसिस्टची आहे.

शांत कडवं आणि अंगावर येणारं ध्रुवपद ही या संगीताची खरी ताकद. १९८६ मध्ये बॉस्टनला जमलेल्या पिक्सीज या बँडने ती रीत घडवली, निर्वाणा या बँडने जगभर नेली. कडव्यात एक गिटार पूर्ण बंद, हाय-हॅट (ड्रमची झांजांची जोडी) मिटलेली. डिस्टॉर्शनचं (आवाज खरखरीत करणारं) पेडल ध्रुवपदाच्या पहिल्या ठोक्यावरच दाबा. अर्धा ठोका आधी दाबलं तरी धक्का गळून जातो. ध्रुवपद मोठं वाटत नसेल तर त्याचा आवाज वाढवू नका, कडवं आणखी उतरवा.

सात गाणी बसली की पहिला गिग (कार्यक्रम) घ्या. ३० मिनिटं मिळाली तर २५ मिनिटांचीच गाणी ठेवा. ड्रॉप डी मधली (सर्वांत जाड तार एक स्वर उतरवून वाजवायची) गाणी लागोपाठ घ्या, म्हणजे मध्येच तार लावत उभं राहावं लागणार नाही. जादा तारा, दोन केबल, ड्रम की (ड्रम आवळायची चावी), पेडलसाठी ९ व्होल्टची बॅटरी सोबत हवी.

डेमोला तीन गाणी बास. ती स्टुडिओत बसवायला जाऊ नका, पक्की करूनच जा. निर्वाणाच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगला फक्त ६०६.१७ डॉलर लागले होते.

पहिलं गाणं बाहेर जाण्याआधी गाण्यांच्या श्रेयाचे वाटे कागदावर लिहा. आर.ई.एम. या बँडने गाण्यांचं श्रेय चौघांत सारखं वाटलं. ते पटत नसेल तर दुसरं काही ठरवा, पण ठरवा. कुणी सोडून गेलं तर बँडचं नाव कुणाकडे राहील, हेही त्याच कागदावर.