तळ्याचा गाळ काढायच्या मीटिंगआधी काय काय करून ठेवायचं

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात भिंतीला ओल सुटत नाही आणि एप्रिल आला की बोअर आटतंय, हे काय नवीन सांगायला नको. तर गावतळ्याचा गाळ काढायचं मनावर घेतलंय ना, मग आधी मीटिंगची तारीख काढू नका, आधी वही काढा. त्यात सगळ्या गल्ल्या लिहा, मग युवक मंडळ, भजनी मंडळ, बायकांचे बचत गट, शाळेची एसडीएमसी (म्हणजे शाळेची देखरेख समिती), आशा, अंगणवाडीच्या बाई, तळ्यावर म्हशी आणणारे, सगळे, आणि प्रत्येक नावापुढं त्यांच्या घरी कोण जाणार ते लिहा. आम्ही मागं हेच केलं नाही. व्हॉट्सअपवर मेसेज टाकला आणि झालं म्हणून बसलो, खालच्या गल्लीला दुसऱ्याच कुणाकडनं कळलं, ते आलेच नाहीत आणि वर वर्षभर "तुमचं तळं तुम्हीच काढा की ओ" ऐकून घेतलं. चूक आमचीच होती.

घरी गेलात की तळ्याचं भाषण नको, त्यांना तळ्याकडनं काय पाहिजे ते विचारा आणि त्यांच्यासमोरच वहीत लिहा. म्हशीवाल्याला उतार पाहिजे असतो, बायकांना धुण्याचा दगड जाग्यावर पाहिजे, शेतकऱ्याचा डोळा गाळावर असतो, पोरांना पोहायला मिळालं की बास. मॅकमिलन आणि चेव्हिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली समुदायभावनेचे चार धागे सांगितलेत: मी यातला आहे, माझ्या शब्दाला वजन आहे, माझी गरज इथं भागते, आणि आपण मिळून काही दिवस काढलेत. गल्लीगल्लीत फिरताना हे चार डोक्यात ठेवा, दुसरा धागा तुटला की बाकीचे तीन असून उपयोग नाही असा माझा तरी अनुभव आहे.

तारीख सुगी आटपल्यावर, फेब्रुवारीत धरा. १ नोव्हेंबरच्या आगेमागे चुकूनसुद्धा नको, कन्नडवाल्यांचा राज्योत्सव आणि मराठीवाल्यांचा काळा दिवस, तिथं तळं कुणाला आठवणार? १७ जानेवारीही तशीच, त्या दिवशी सीमालढ्यातला हुतात्मा दिन असतो. बोर्ड मराठी-कन्नड दोन्हीत करा, पीडीओला (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला) द्यायची अर्जी मात्र कन्नडमध्ये नीट लिहून घ्या आणि सहीशिक्क्याची पोच घ्या, तिथं अभिमान आडवा आणला तर कागद नुसता फिरत राहतो. ती लिहायला कन्नड शाळेच्या सरांनाच बोलवा, म्हणजे तेही यातले होतात.

नुसतं चहाला एकत्र बसवून मनं जुळतात असं समजू नका. १९५४ साली शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका कॅम्पात अकरा-अकरा पोरांच्या दोन टोळ्यांत आधी स्पर्धा लावून दिली, भांडणं झाली, मग एकत्र जेवायला बसवलं तर पोरांनी जेवणच एकमेकांवर फेकलं. पुढं कॅम्पाचं पाणी बंद पडलं (पाडलं त्यांनीच, ते सोडा) आणि दोन्ही टोळ्या मिळून शोधायला निघाल्या. तेवढ्या एका दिवसानंही भागलं नाही, अशी चारदोन कामं एकापाठोपाठ आली तेव्हा कुठं वैर निवळलं. म्हणून पहिल्याच दिवशी जेसीबीचं कोटेशन नको, आधी रविवारी सकाळी दोन तास काठावरची झुडपं तोडायचं काम ठेवा, जे त्याच दिवशी संपेल आणि डोळ्याला दिसेल.

वर्गणीची वही दोघांकडं, दोन वेगळ्या गल्ल्यांतल्या, आणि हिशेब दर महिन्याला देवळाच्या भिंतीवर लागला पाहिजे. अध्यक्ष पहिल्या मीटिंगला ठरवूच नका, इलेक्शन लढवायचं मनात असलेला तर अजिबात नको. बायका आल्या तर मागं बसतात, म्हणून त्यांच्या गटाच्या मीटिंगला आधीच जाऊन कोण बोलणार ते ठरवून या. जागा शाळेची घ्या, आणि सतरंज्याही शाळेतल्याच मागा, मंडळाच्या नकोत, त्यांच्यावर मोठ्या अक्षरात मंडळाचं नाव आहे.